खोलीत जावंसंच वाटत नाही, तेव्हा

आधी प्रश्न थोडक्यात सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. विचारणारे चौतीस वर्षांचे, नोकरी नागपूरच्या मिहानमध्ये, राहणं तिथल्याच मानेवाड्याला. वरच्या मजल्यावर दहा बाय दहाची खोली, तीत लॅपटॉप, इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी पेटी), कंडेन्सर माइक (बारीकसारीक आवाजही टिपणारा), गिटार आणि बासरी. चाळीसेक गाणी अर्धवट पडलेली. तीन पुरी करून ऑनलाइन टाकली, तर प्रत्येकाला शे-दोनशे ऐकणारे मिळाले आणि त्यांतही नातेवाईकच जास्त. आता त्या खोलीत पाऊल टाकावंसं वाटत नाही. मोटिव्हेशन कुठून आणू, मुंबईला जाऊ का, की भारी माइक घेऊ, असे तीन प्रश्न आहेत. सोबत तिन्ही गाणी पाठवली आहेत, ती मी ऐकली.

मी कॅसेटच्या काळापासून घरी रेकॉर्ड करते आहे, नागपुरातच, शाळेची नोकरी आणि घर सांभाळून. त्यामुळे मुंबईच्या स्टुडिओतलं शहाणपण माझ्याकडे नाही. मानेवाड्यातल्या वरच्या मजल्यावरच्या खोलीचं मात्र थोडंफार आहे.

चाळीस गाणी सुरू करणाऱ्या माणसाकडे उत्साह नाही, हे मला पटत नाही. सुरुवात तुम्हाला भरपूर सुचते. अडतं ते पुरं करण्यापाशी, आणि त्याचं कारण स्वभावात शोधत बसू नका. घरी गाणं करणाऱ्याची कुणी वाट बघत नसतं. गाणं या महिन्यात झालं काय, पुढच्या वर्षी झालं काय, कुणाचंही काही अडत नाही. पूर्व विदर्भातल्या, वडसा-देसाईगंजकडच्या झाडीपट्टी नाटकांत ऑर्गन वाजवणाऱ्याला विचारा की मूड लागला नाही तर काय करता. दिवाळीनंतर हंगाम लागला की मंडईच्या (गावजत्रेच्या), शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतींच्या) निमित्ताने गावोगाव रात्रभर नाटकं होतात. पडदा वर जायच्या वेळी ऑर्गनवर कुणीतरी बसलेलं असावंच लागतं, मग मूड असो की सर्दी. आपल्या गावातलं दुसरं उदाहरण भीमगीतांचं. 14 एप्रिल आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन या दोन तारखांच्या आधी लहान लहान स्टुडिओंतून नवी गाणी निघतातच. दीक्षाभूमीच्या बाहेरच्या स्टॉलवर पूर्वी कॅसेट असायच्या, मग सीडी आल्या, मग पेनड्राइव्ह. साधन बदललं, तारीख हलली नाही. ती गाणी करणाऱ्यांतले कितीतरी जण दिवसा तुमच्यासारखीच नोकरी करतात. त्यांचं अर्धवट राहत नाही, कारण त्या दिवशी तिथे लाखो माणसं येणार असतात आणि त्यांना नवं गाणं हवं असतं.

तुम्हाला अशी तारीख कुणी देणार नाही, ती मिळवावी लागेल. स्वतःच कॅलेंडरवर गोल करून ठेवलेली तारीख माझ्या अनुभवात चालत नाही. आपण आपल्याला फार पटकन माफ करतो. माणसं लागतात. आमचं असं आहे: महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी आम्ही चार-पाच जण एकाच्या घरी जमतो. एक तबलजी, एक जण लॅपटॉपवरच सगळं करणारा, एक निवृत्त बँकवाले गझल लिहिणारे आणि मी, शिवाय कुणी पाहुणा असतो. प्रत्येकाने एक तरी गाणं आणायचं, ते साध्या स्पीकरवर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायचं, आणि वाजवण्याआधी ‘अजून व्हायचंय’ म्हणायचं नाही. नियम एवढाच. नंतर तर्री-पोहे, आणि त्यावर जे काही बोलणं होईल ते. कौतुक फार होतं असं समजू नका. पण तिसऱ्या आठवड्यात तबलजींचा फोन येतो, “काऊन मॅडम, या वेळी काही आहे का नाही?” आणि त्या रात्री मी दुसरा अंतरा लिहिते. नागपुरात असे तीन लोक सापडणार नाहीत असं म्हणू नका. वाद्यांच्या दुकानात, गिटारच्या क्लासच्या जिन्यावर, ऑफिसच्या गणपतीत गाणाऱ्यांत ते असतात. आपल्याच प्रकारचं संगीत करणारे शोधायचा हट्ट मात्र सोडा. गझलवाल्या काकांना माझ्या इलेक्ट्रॉनिक आवाजांतलं काही कळत नाही, पण शब्द कुठे तुटला ते त्यांना पहिल्या ऐकण्यात कळतं.

दुसरी गोष्ट लॅपटॉपची. माझी सुरुवात सेकंडहँड चार ट्रॅकच्या, म्हणजे चार आवाज वेगवेगळे घेता येणाऱ्या, कॅसेट मशीनवर झाली. टॅस्कॅमने 1979 मध्ये पोर्टास्टुडिओ 144 काढला, तेव्हापासून साध्या कॅसेटवर चार वेगळे ट्रॅक घेणं घरच्या माणसाच्या आवाक्यात आलं. नागपुरात, आणि माझ्या हाती, त्या जातीचं मशीन पुष्कळ उशिरा पोहोचलं. पाचवं वाद्य हवं असेल तर पहिले तीन ट्रॅक एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या तिन्हींवर पुढचं घ्यायचं. एकदा उतरवल्यावर तबला जास्त वाटला तरी तो तसाच राहणार. शिवाय दर उतरवणीला टेपची सुरसुर वाढत जाते, त्यामुळे ‘अजून एकदा करून बघू’ हे फार वेळा परवडत नसे. म्हणून ठरवावं लागे, आणि ठरवलं की गाणं पुढे सरके.

जुनं ते सोनं असा सूर लावायचा नाही मला. कॅसेट मशीन परत द्या म्हटलं तर मी घेणार नाही. पण तुमच्या फायलींमध्ये मला काय दिसेल ते न बघता सांगते. साठ-सत्तर ट्रॅक, त्यांतले निम्मे म्यूट केलेले. गायलेले नऊ टेक, सगळे जपून ठेवलेले, कारण कोणता चांगला ते नंतर बघू. प्रत्येक आवाजावर बदलता येण्याजोगा इफेक्ट. म्हणजे फाइल उघडली की पहिल्या दिवसापासूनचे सगळे निर्णय पुन्हा समोर हजर. आठ तास ऑफिसात निर्णय घेऊन आलेल्या माणसाला रात्री नऊला ते नकोसं वाटणारच, याला आळस म्हणत नाहीत. पुढच्या गाण्याला आठ ट्रॅकची मर्यादा घाला. गाण्याचे तीनच टेक घ्या, त्याच बैठकीत एक निवडा आणि उरलेले पुसा. हो, पुसा. रिव्हर्ब (आवाजाला दिलेला घुमारा) आवडला तर तो आवाजातच मिसळून नवा ट्रॅक करा आणि मूळ काढून टाका. चार दिवस हात थरथरेल.

आता ऋतूंकडे येते. यावर मुंबईचे लोक बोलत नाहीत, कारण त्यांना तो भोग नाही.

नागपुरात रेकॉर्डिंगचं वर्ष दिवाळीला सुरू होतं. तोवर पंखे बंद झालेले असतात, कूलर खिडकीतून उतरलेला असतो, खिडक्या लावून बसता येतं. डिसेंबर-जानेवारीत रात्री दहानंतर वस्ती इतकी शांत होते की हलक्या आवाजात गायलेलंही स्वच्छ येतं. तुळशीच्या लग्नानंतर बँड आणि डीजेचा त्रास असतो, पण तो पंचांग बघून टाळता येतो. होळी झाली की कूलर परत चढतो आणि माइकपुढचं काम संपलं असं समजायचं. कूलरच्या मोटारीची घरघर, पाण्याची टिपटिप आणि वाऱ्याचा झोत असे तीन आवाज एकदम येतात. सॉफ्टवेअरने ते काढायला गेलं की गायकाचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. मेमध्ये पारा 45 वर असताना कूलर बंद करून चार मिनिटांचा टेक घेता येतो, नाही असं नाही. पण घाम पुसत गायलेलं गाणं ऐकणाऱ्यालाही उकडतं. पहाटे पाचला उठून घ्यावं म्हटलं तर कोकीळ.

याहून मोठं कारण सुराचं आहे, आणि तुमच्याकडे गिटार आणि बासरी दोन्ही असल्यामुळे ते तुम्हाला नक्की भोवत असणार. बासरीचा स्वर तिच्या आतल्या हवेत आवाज किती वेगाने जातो यावर ठरतो, आणि तो वेग दर अंशाला सेकंदाला सुमारे 0.6 मीटरने वाढतो. वेग वाढला की स्वर चढतो. जानेवारीतल्या 12 अंशांच्या सकाळपासून मेमधल्या 42 अंशांच्या दुपारपर्यंत हा फरक 18 मीटरचा होतो, मूळ वेगाच्या पाच टक्क्यांहून जास्त. शेजारच्या दोन स्वरांमधलं अंतर सहा टक्क्यांच्या आसपास असतं, हे लक्षात घेतलं तर हा फरक किती मोठा ते कळेल. फुंकरीची ऊब यातला काही भाग भरून काढते, त्यामुळे प्रत्यक्षात इतकं होत नाही, पण कानाला खुपण्याइतकं नक्की होतं. गिटारच्या स्टीलच्या तारा नेमक्या उलट, उष्णतेने सैल होऊन उतरतात. हार्मोनियमची रीडही उकाड्यात किंचित उतरते. तबल्याचं विचारूच नका. मेच्या कोरड्या हवेत पुडी (वरचं कातडं) चढते, जुलैच्या ओलीत बसते. म्हणजे जानेवारीत घेतलेल्या गिटारवर मेमध्ये बासरी वाजवायला बसलात तर ती लागत नाही. अर्धा तास वाजवून माणूस उठतो आणि म्हणतो, मला जमतच नाही. तुमच्या चाळीस फायलींपैकी किती अशा ऋतू बदलल्यामुळे मेल्या असतील, तारखा लावून बघा.

म्हणून गाणं ज्या ऋतूत घेतलं त्याच ऋतूत पुरं करायचं. दिवाळी ते होळी या काळासाठी चारच गाणी निवडा. निवडताना लॅपटॉप उघडू नका. गाडीवर ऑफिसला जाताना ज्यांचा मुखडा आपोआप तोंडात येतो, ती घ्या. उरलेली छत्तीस एका फोल्डरमध्ये घालून ठेवा. ती पुरी करायची आहेत या ओझ्यातून स्वतःला सोडवा, पुरी न झालेली गाणी म्हणजे कर्ज नव्हे. उन्हाळ्यात कूलर चालू ठेवून लिहा, चाली बांधा, फोनवर गुणगुणून ठेवा, दुसऱ्यांची गाणी बसवा. फोनच्या रेकॉर्डिंगमध्ये कूलर आला तरी काही बिघडत नाही. पावसाळा हेडफोनवर मिक्स करायला, म्हणजे सगळे ट्रॅक जुळवून एक गाणं करायला बरा. पोळ्यापर्यंत मिक्स झालं तर दिवाळीला पाटी कोरी.

दिवसाच्या वेळापत्रकाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पाऊण तास पुरतो, रोज नसला तरी चालतो. फक्त सामान मांडलेलं राहू द्या. बहुतेकांचा उत्साह वायरी जोडताना संपतो. माइक स्टँडवर, त्यावर कापडी पिशवी, कारण आपल्याकडची धूळ माइकच्या जाळीत बसते. गिटार भिंतीवर, इंटरफेस जोडलेला, सॉफ्टवेअरमध्ये आठ ट्रॅकची तयार फाइल. खोलीत गेल्यापासून दोन मिनिटांत आवाज आत जायला हवा. आणि घरच्यांना वेळ सांगून ठेवा. माझ्या सासूबाई सुरुवातीला दार ढकलून ‘चहा ठेवू का’ विचारायच्या, आता त्या स्वतःच पाहुण्यांना सांगतात की वर रेकॉर्डिंग चालू आहे. कुकर मात्र अजून कुणाचं ऐकत नाही.

गाणं रचणं आणि आवाज तासत बसणं ही दोन कामं एका बैठकीत करू नका. चाल सुचत असताना इक्वलायझर (आवाजातला जाड-बारीकपणा कमीजास्त करणारं साधन) उघडला की चाल तिथेच थांबते, हे मी स्वतःच्या आणि दुसऱ्यांच्याही बाबतीत इतक्यांदा पाहिलं आहे की याला अपवाद असेल असं मला वाटत नाही.

तुमच्या खोलीबद्दल बोलायला हवं. ‘माझं मिक्स नेहमी घाणच होतं’ असं तुम्ही लिहिलंय, त्यात निम्मा दोष खोलीचा आहे. दहा फूट म्हणजे 3.05 मीटर. एवढ्या अंतरात 56 हर्ट्झच्या आसपासचा आवाज दोन भिंतींमध्ये घुमतो, आणि मग त्याची दुप्पट, 112 हर्ट्झ. लांबी आणि रुंदी सारखी असल्यामुळे दोन्ही दिशांना तेच आकडे येतात आणि घुमणं दुणावतं. स्लॅबही दहा फुटांवर असेल तर तिप्पट. नागपुरात घर बांधताना दहा बाय दहा ही खोली इतकी ठरलेली आहे की घरी रेकॉर्ड करणारे बहुतेक सगळे याच दुखण्याने आजारी असतात. एका जागी बसून बास फार वाटतो म्हणून तुम्ही कमी करता, मग गाडीत ऐकलं की गाणं पोकळ. यात तुमच्या कानांचा काही दोष नाही. अंड्यांचे ट्रे लावून उपयोग शून्य, ते खालच्या आवाजांना हातही लावत नाहीत. रॉकवूलच्या (दगडी लोकरीच्या) पाट्या इन्सुलेशनच्या व्यापाऱ्यांकडे मिळतात, त्या चार इंच जाडीच्या करून, कापडात शिवून कोपऱ्यांत उभ्या करा. ते जमेपर्यंत हेडफोनवर मिक्स करा आणि गाडीत व फोनवर ऐकून तपासा. गाताना पाठीमागे दोरीवर जाड रजई टांगा, तिचा उपयोग खरंच होतो.

ऐकणाऱ्यांच्या आकड्याबद्दल. स्पॉटिफायचा 2024 पासूनचा नियम असा आहे की मागच्या बारा महिन्यांत एखादं गाणं हजार वेळा वाजलं नाही तर त्या गाण्याचे पैसेच मिळत नाहीत. नियम बरा की वाईट, हा वेगळा वाद. पण तुम्ही आणि मी त्या रेषेच्या खालचे आहोत हे एकदा मान्य केलं की दर सकाळी आकडा बघण्यात अर्थ उरत नाही. गाणं टाकल्यावर महिनाभर मी ते पान उघडत नाही. त्याऐवजी दहा-बारा माणसांना फाइल स्वतः पाठवते, प्रत्येकाला वेगळ्या दोन ओळी लिहून. शंभर अनोळखी ऐकण्यांपेक्षा त्यांतल्या दोन उत्तरांवर पुढचं गाणं निघतं. व्यवहाराचं तेवढं करून ठेवा: शब्द आणि चाल तुमची असल्यामुळे आयपीआरएसचं सभासदत्व घ्या. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी ही संस्था 1969 पासूनची आहे, आणि 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर रॉयल्टीतला आपला वाटा वारस किंवा अशी संस्था सोडून दुसऱ्या कुणाला लिहून देऊन टाकता येत नाही. आज त्यातून काही येणार नाही. एखादं गाणं कुठे वाजलंच तर कागद तयार असावेत.

मुंबईला जायचं का? सिनेमा-मालिकांची कामं हवी असतील, दुसऱ्याच्या गाण्यांत वाजवायचं असेल तर जा, आणि लवकर जा, कारण ती कामं तिथे समोर दिसणाऱ्याला मिळतात. स्वतःची गाणी करायची असतील तर तिथल्या भाड्यात तुमचे संध्याकाळचे तास विकले जातील. सिव्हिल लाइन्समधल्या सभागृहाला ज्यांचं नाव आहे ते वसंतराव देशपांडे इथेच शंकरराव सप्रे मास्तरांकडे शिकले आणि पुढे पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात वर्षानुवर्षं नोकरी करत गात राहिले. ज्या नाटकातल्या खाँसाहेबांच्या भूमिकेने त्यांना घराघरांत नेलं, ते ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आलं 1967 साली, ते सत्तेचाळीस वर्षांचे असताना. हे उदाहरण लोक ‘धीर धरा’ म्हणून देतात. मला त्यात दुसरंच दिसतं. नोकरीच्या त्या सगळ्या वर्षांत त्यांच्याभोवती मैफल होती, पु. ल. देशपांड्यांसारखे मित्र होते, दाद द्यायला आणि टोकायलाही समोर माणसं होती. बंद खोलीत एकट्याने ती वर्षं त्यांनाही जड गेली असती. म्हणून शहर बदलण्याच्या आधी ती रविवारची बैठक जमवा.

राहिला माइक. महागडा कंडेन्सर घेऊ नका. तुमच्या खोलीत तो खोलीच जास्त ऐकवील, आणि खालच्या रस्त्यावरचा भाजीवालाही. जवळून गायचा डायनॅमिक माइक घ्या. शुअरचा एसएम58 हा 1966 पासून तसाच चालत आलेला आहे, त्याला कंडेन्सरसारखा 48 व्होल्टचा फँटम पुरवठाही (इंटरफेसमधून माइकला जाणारी वीज) लागत नाही, आणि तो आजूबाजूचं कमी उचलतो. पण त्याही आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. तुमच्या तिन्ही गाण्यांत शांत जागी एक बारीक गुणगुण आहे, ती 50 हर्ट्झची आहे, आणि माझा अंदाज अर्थिंगवर जातो. खात्री करायची तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर एक टेक घ्या. गुणगुण गेली तर अर्थिंग तपासून घ्या. तिसऱ्या गाण्यात दुसऱ्या अंतऱ्यानंतर बासरी एकटी येते आणि गिटार थांबते, ती जागा फार चांगली झाली आहे. नेमकी तिथेच ती गुणगुण सगळ्यात जास्त ऐकू येते. तेवढा भाग या दिवाळीनंतर पुन्हा वाजवून घ्या, गिटारसकट.